न थांबता झालेली माझी दुरुस्ती

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. पिंपळगाव बसवंतला हायवेलगत द्राक्षांचं एक शीतगृह होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर मी चालत असे आणि सगळ्या खोल्यांचा गारवा माझ्या हाती असे.

मला लिहिलं पंचवटीतल्या शैला गायधनी यांनी. त्यांचे वडील रामकुंडावर पौरोहित्य करत. शीतगृहाचे मालक देवरामआप्पा हसून म्हणत, "बाप देवाला मंत्र म्हणतो, अन् लेक मशीनला!"

मी स्क्रिप्टच्या भाषेत लिहिलेला होतो. काही प्रोग्रॅम आधीच शिजवून घट्ट केलेले असतात. मग त्यांच्यात फेरफार करता येत नाही. माझे भाग मात्र काम चालू असतानाही मोकळे राहत. एक भाग गारवा मोजे, दुसरा थंडीच्या झडपा उघडी. एखाद्या भागाची गरज पडली की मी त्याला नावाने हाक मारी, आणि त्या नावामागे जो उभा असेल तो काम करून देई. चालू असताना माझ्याशी बोलता यावं म्हणून शैलाताईंनी एक छोटी खिडकीही ठेवली होती. तिथे त्या टाइप करत आणि मी ऐकत असे.

काही वर्षं सुखाची गेली. मग २००४ चा हंगाम आला. आप्पांनी सगळ्या खोल्यांत नवे सेन्सर बसवले. सेन्सर चांगले होते, पण त्यांची तऱ्हा निराळी होती. पारा शून्याखाली गेला की ते उणे चिन्ह आकड्याच्या आधी न लावता नंतर लावत. माझा मोजणारा भाग आकडा संपला की वाचायचं थांबे, त्यामुळे ते चिन्ह त्याला दिसतच नसे. खोली शून्याच्या एक अंश खाली गेली, तर मला ती एक अंश वर वाटे. मग मी आणखी थंडी सोडी. खोली जितकी गोठत जाई, तितकी ती मला तापलेली वाटू लागे.

एके दिवशी सकाळी सहादू धावत आला. तो पेठ तालुक्याकडचा. आधी हंगामी मजूर म्हणून आला होता, आता मशीन चालवत असे.

"आप्पा, हातातला मीटर उणे दाखवतो, अन् कॉम्प्युटर म्हणतो खोली गरम हाय! देठांवर बर्फ धरलाय!"

"मग बंद कर की तो कॉम्प्युटर!"

"सगळीच मशीनं बसतील, आप्पा. परत लागायला दिवस मावळंल. बागेतनं आत्ताच आलेला माल पण आत हाय, तो अजून गरमच हाय. तो घामेजला तर नासंल."

संध्याकाळी परदेशी जाणारा कंटेनर भरायचा होता. आसपासच्या कितीतरी बागांची वर्षभराची मेहनत त्या क्रेटांत होती. आप्पांनी शैलाताईंना फोन लावला.

ताई नाशिकहून येईपर्यंत सहादू खोल्याखोल्यांतून पळत बटणं दाबून झडपा बंद करत होता. तो पुढच्या खोलीत गेला की मी मागची झडप पुन्हा उघडी. मित्रांनो, तो माणूस माल वाचवत होता आणि मी त्याच्या पाठीमागे मालाचा घात करत होतो. तेही अगदी इमानदारीने!

ताई आल्या आणि त्यांनी सेन्सरचे आकडे पाहिले. "सापडलं. याला बंद करायचं नाही. चालताचालताच बदलते."

"चालत्या गाडीचं चाक बदलणार तुम्ही?" आप्पांनी विचारलं.

"बदलणार, आप्पा."

शेवटचं चिन्हही वाचणारा नवा भाग त्यांनी लिहिला आणि जुन्याच नावामागे त्याला उभं केलं. सगळे पडद्याकडे बघत राहिले. काहीच घडलं नाही. झडपा उघड्याच राहिल्या.

"ताई, अजून सुटतेय थंडी!" सहादू दारातून ओरडला.

ताईंनी झडपांच्या भागाच्या ओळी वाचून काढल्या. "कळलं! झडपांच्या भागाने सुरुवातीलाच जुन्या मोजणाऱ्याचा हात धरून ठेवलाय. तो नावाने हाक मारतच नाही. हा हात सोडवायला हवा."

त्यांनी आणखी एक ओळ टाइप केली. माझ्या आत जुना हात सुटला, नवा हाती आला, आणि मला पहिल्यांदा खरं दिसलं. उणे! सगळ्या खोल्या उणे! मी धडाधड झडपा बंद केल्या. एकही मशीन थांबलं नाही. पारा हळूहळू वर आला आणि हवा तिथे स्थिरावला. सहादूने एक मणी तोंडात टाकला. "गोड हाय! आत बर्फ नाय!" पॅकहाऊसमध्ये माल पेट्यांत भरणाऱ्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"झालं ना? चला, चहा घ्या," आप्पा म्हणाले.

"आधी फाईलमध्ये लिहिते. आत्ता ही दुरुस्ती फक्त याच्या डोक्यात आहे. लाईट गेली की हा सगळं विसरेल, आणि उद्या पुन्हा जुनाच होऊन उठेल."

ताईंनी ते लिहूनच चहाचा कप उचलला. संध्याकाळी कंटेनर भरून हायवेला लागला. काही आठवड्यांनी परदेशातून निरोप आला, की सगळा माल टवटवीत पोचला. पुढच्या हंगामात मला नव्याने सुरू केलं, तेव्हा मी सुधारलेलाच उठलो.

आता तिथे नवं यंत्र आलं आहे आणि माझी कुणाला फारशी आठवण येत नाही. पण माझी मान ताठ आहे. मित्रांनो, कुणी चुकताना दिसला तर त्याला लगेच मोडीत काढू नका. कधीकधी तो चुकीच्या हाताला धरून चाललेला असतो, एवढंच. तो हात सोडवा, त्याला बरोबर हात द्या. आणि जे सुधारलं ते जपून ठेवा, म्हणजे उद्या उठणारा आजच्यापेक्षा शहाणा उठेल.