दोन जोडी कानांचा स्टेथोस्कोप

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. म्हाताऱ्यांनी शांत राहावं म्हणतात. मला ते जमत नाही.

छातीवर टेकवायची माझी चकती एकच, पण कानांत घालायच्या जोड्या दोन. लहान मुलांचं हृदय तपासणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी मला मुद्दाम असं बनवून घेतलं. त्यांचे विद्यार्थी नुसत्या माना डोलवायचे, "हो मॅडम, ऐकू आलं." आलेलं नसायचं काही! मग एक जोडी बाईंच्या कानांत, दुसरी विद्यार्थ्याच्या. "आवाज कुठल्या ठोक्यानंतर येतो? टेबलावर बोट वाजवून दाखव." थापा मारायची सोयच उरली नाही.

बाई आधी माझी चकती मुठीत धरून ऊबदार करायच्या. मुलाला झोपवून ऐकायच्या आणि उठवून बसवून पुन्हा ऐकायच्या. शाळाशाळांतून हिंडून त्यांनी संशोधन केलं ते ह्यावरच. कितीतरी धडधाकट मुलांच्या हृदयात बारीक गुणगुण असते. मूल उठून बसलं की ती बहुधा मंदावते. तो आजार नव्हे. ह्या कामाचं भरपूर कौतुक झालं.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्याच लाडक्या विद्यार्थ्याने, म्हणजे आताच्या विभागप्रमुखांनी, मला काचेच्या कपाटात कुलूपबंद केलं. शेजारी पितळी पाटी लावली. पाटी काय चाटायची आहे मला?

परवा बाई तरातरा आल्या. सोबत शेजारची एक आई आणि तिची मुलगी.

"किल्ली आण," बाई प्रमुखांना म्हणाल्या.

"तीन वर्षं झाली हो," आई सांगू लागली. "पळायचं नाही, दोरीवरच्या उड्या नाहीत. वर्गातली पोरं हिला काचेचं भांडं म्हणतात."

प्रमुख पुटपुटले, "हृदयात आवाज आहे, मॅडम. मशीनवर सगळं ठीक दिसलं, पण खबरदारी म्हणून..."

"झोपवून ऐकलंस. बसवून ऐकलंस का?"

"ओपीडीत गर्दी किती असते, मॅडम..."

"गर्दी तुझी आणि शिक्षा पोरीला होय रे?"

बाईंनी प्रमुखांच्या कानांत माझी एक जोडी घातली, दुसरी स्वतःच्या. मुलगी आडवी झाली, गुणगुण आली. ती उठून बसली, गुणगुण जवळजवळ विरली. प्रमुखांची मान खाली गेली.

"बंदी तू घातलीस, तूच उठव."

"पळ, बाळा. काही होणार नाही," ते म्हणाले.

आणि मित्रांनो, ती पळालीच नाही! दारापर्यंत गेली, एक हात भिंतीला, एक स्वतःच्या छातीवर. ठणठणीत पोर! ही भीती कुणी घातली तिच्या अंगात? खबरदारीने!

"आजी, मध्येच बंद पडलं तर?" तिने विचारलं.

बाईंनी मला गळ्यात अडकवलं, तिचा हात धरला आणि त्या वयात दुडक्या चालीने पळू लागल्या. आधी मुलगी ओढल्यासारखी चालली. मग बाईच मागे राहिल्या.

म्हणून सांगतो, मला पुसून कपाटात ठेवू नका, कानांत घाला. आणि तुम्हाला कुणी "खेळू नकोस" म्हणालं, तर घाबरून गप्प बसू नका. मोठ्या आवाजात विचारा, "मला नीट ऐकलंत का?"