पाणी खाली येईपर्यंत

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा बशीएवढा होता, आणि तिने तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, कारण मूल झाल्यापासून स्वतःच्या डोळ्यांवर तिचा फारसा भरवसा उरला नव्हता. बंद केलेला गॅस चालूच आहे असं तिला वाटे, दुधाच्या बाटलीवरच्या रेघा सरकल्यात असं वाटे, थर्मामीटर खोटं बोलतंय असं वाटे, आणि दर वेळी उठून पाहिलं की सगळं जागच्या जागी असे. तेव्हा मुलीच्या खोलीत छताजवळच्या कोपऱ्यात दिसणारी ती पिवळट छटाही आपल्या डोक्यातलीच, असं तिने ठरवून टाकलं. पण आठ दिवसांत बशीची परात झाली, रंगाला पोपडे धरले आणि खोलीत पाऊल टाकताच ओल्या गोणपाटासारखा वास नाकात शिरू लागला. चौदा महिन्यांच्या भिंगरीचा पलंग तिने समोरच्या भिंतीला सरकवला, तर वासही मागोमाग तिकडे आला.

भिंगरी हे नाव बापाने ठेवलेलं, कारण पोर एका जागी म्हणून ठरत नसे. आता मात्र ती मधेच थांबून खोकायची, आणि झोपली की छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली व्हायची.

"आधी भिंतीची ओल घालवा, औषधाचं मागाहून बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि झोपेत मिनिटाला किती श्वास घेते ते मोजत जा. चाळीसच्या वर गेले तर मला सांगायचं."

काळजी करणाऱ्या बाईच्या हाती मोजण्याचं काम देणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. त्याच दुपारी तिने नऊ वेळा मोजलं. शेहेचाळीस. दोनदा पंचेचाळीस आलं, ते तिने आपल्याच चुकीच्या खात्यात घातलं. फोनवर शेहेचाळीस कळवले, तर बाई पुन्हा तेच म्हणाल्या, आधी ओल.

पत्र्याचं काम करणारे काका शिडी घेऊन आले. उतरत्या छपराच्या कडेने धावणारी पन्हळ वर्षानुवर्षं कुणी उघडून पाहिली नव्हती. काकांनी खुरप्याने खरवडून पाच घमेली काढली: कुजून काळी पडलेली पानं, शेवाळ, एका चेंडूची अर्धी फाक, आणि पन्हळीतच मूळ धरून बसलेलं बोटभर उंचीचं एक रोप.

"पावसाने घर खराब होत नाही हो ताई," ते वरूनच म्हणाले, "पन्हळ तुंबली की होतं. पाण्याला खाली उतरता आलं नाही, की ते आडवं भिंतीत शिरतं. आता तुम्ही खाली पाइपापाशी उभ्या राहा. मी बादली ओततो. पाणी आलं की हाक मारा."

त्यांनी बादली ओतली आणि मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली. चौथ्या आकड्याला पाणी पाइपातून भसकन तिच्या पायांवर पडलं. गढूळ, पानांचा चुरा घेऊन.

"चार! चारच पाहिजेत. पाच झाले तर कुठेतरी काहीतरी अडलंय असं समजायचं. भिंत सुकेपर्यंत अधूनमधून एक बादली ओतून बघत जा. शिडी नको, पोरीच्या खोलीच्या खिडकीतून हात पोहोचतो."

तिसऱ्या दिवशी तिने खाली पाइपाच्या तोंडाशी पत्र्याचं घमेलं ठेवलं, म्हणजे पाणी पडल्याचा आवाज खिडकीत ऐकू येईल, आणि बादली पन्हळीत रिती केली. एक, दोन, तीन, चार. पाच. सहा. आठव्या आकड्याला घमेलं वाजलं. तिने काकांना फोन लावायला घेतला आणि परत ठेवला. आपणच भराभर मोजलं असणार. पुढच्या खेपेला ती सावकाश, एकेका आकड्यावर जीभ टेकवून मोजू लागली, आणि घमेलं सोळाव्याला वाजलं.

"तू एक आणि दोनच्या मध्ये चहा पिऊन येत असशील," नवरा म्हणाला.

"मग तर आकडा कमी यायला हवा."

"हो का? बरं, थांब, मीच बघतो."

रविवारी सकाळी तो घड्याळ घेऊन खाली उभा राहिला. बत्तीस सेकंद. त्याने पाइपावर खालपासून हात पोहोचेल तिथवर बोटाच्या पेराने टकटक केली. पाइप सगळीकडे सारखाच पोकळ वाजला. मग त्याने घड्याळ कानाशी नेऊन हलवलं, जरी ते घड्याळ आवाज करणाऱ्यातलं नव्हतं. "सेल उतरला असेल," तो म्हणाला, आणि त्यानंतर तिने बादली उचलली रे उचलली की त्याला नेमकं घरातलं दुसरं काहीतरी काम आठवू लागलं.

पण भिंत सुकत होती. हे तिच्या मनाचे खेळ नव्हते. पेन्सिलीने डागाभोवती तिने रेघ मारली होती आणि दर बादलीनंतर डाग रेघेच्या आत आत सरकत होता. भिंगरीचा खोकला थांबला. शेहेचाळीसचे अडतीस झाले, अडतीसचे एकतीस. मग एक दिवसाआड ओतायचं ते ती रोज ओतू लागली. पाणी दर वेळी आधीच्या दुप्पट वेळाने येई, पण येई. बादलीवर रेघ मारून तिने तपासलं होतं, जेवढं वर जाई तेवढंच खाली उतरे, थेंबभरही उणं नाही. आता त्यात पानांचा चुरा नसे. ते इतकं नितळ असे की घमेल्याच्या तळाचा गंज दिसावा, आणि इतकं गार की बोटं आखडावीत. त्याला एक वासही असे. दगडाचा म्हणावा तर दगडाचा, पण उन्हात कधीच न आलेल्या दगडाचा.

दहाव्या बादलीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. तेवढ्या वेळात तिने कपड्यांच्या घड्या घातल्या, भिंगरीला भरवलं, आणि सहज म्हणून तिला घेऊन खाली जाऊन पाइपाला कान लावला. पाण्याचा आवाज येईल असं तिला वाटलं होतं. आधी आली ती शांतता. पण पाइपातली कोंडलेली शांतता नव्हे, तर जिथे हाक मारली असता परत यायला बराच काळ लागेल अशा फार मोठ्या जागेतली. आणि त्या जागेत कुठेतरी खूप दूर, कसलीही घाई नसलेलं एक बादली पाणी वाटचाल करत होतं. ती कान काढून घ्यायला विसरली. घाबरायला हवं, हे तिला कळत होतं, घाबरण्यात तिचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं. पण मनात जे भरून येत होतं ते भय नव्हतं. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहताना बोलणं बंद झालं होतं, तसं काहीसं ते होतं. आपल्या घरातलं नळाचं पाणी, भांडी विसळायचं पाणी, ते एवढं मोठं काहीतरी ओलांडून आपल्याच अंगणात परत येतं, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

तिने मागे वळून पाहिलं तर भिंगरी पायरीवर बसली होती. बसली होती, म्हणजे खरोखरच बसली होती, मांडीवर हात ठेवून, पाइपाकडे बघत, एखाद्या मोठ्या बाईसारखी.

"चोवीस," डॉक्टरीणबाई त्या आठवड्यात छातीला नळी लावून म्हणाल्या, "छान. अगदी छान. आता मोजणं बंद करा बरं, आणि थोडं स्वतः झोपा."

तिने मोजणं बंद केलं नाही. बाराव्या बादलीनंतर अठरा आले. तेराव्या बादलीनंतर, जी सकाळी ओतली आणि दुपारी अंगणात उतरली, तेरा. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात दोन गोष्टी, पाण्याचा लांबत जाणारा वेळ आणि श्वासांचा घटत जाणारा आकडा, एकमेकींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हातातली रिकामी बादली तिने माळ्यावर टाकली आणि काकांना बोलावलं.

काकांनी पाइप भिंतीपासून सोडवून अंगणात आडवा ठेवला, एका टोकाला डोळा लावला, मग तिला बोलावलं. "बघा." दुसऱ्या टोकाला आभाळाचा निळा वाटोळा तुकडा दिसत होता, हाताच्या अंतरावर असल्यासारखा. काकांनी पाइप पुन्हा भिंतीला चढवला, वरच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली येऊन उभे राहिले. ओठ हलत होते; मोजत असावेत. बऱ्याच वेळाने ओठ हलायचे थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"ओल गेली ना ताई?"

"गेली. डागसुद्धा उरला नाही."

"पोर बरी आहे?"

"बरी आहे," ती म्हणाली, आणि हे खोटं नव्हतं.

"मग आता ह्याला हात लावू नका," ते म्हणाले, आणि शिडी खांद्यावर टाकून, चहाला न थांबता गेले.

पुढचे बारा दिवस तिने कशालाच हात लावला नाही. काकांचं तांब्याभर पाणी रात्री केव्हातरी उतरलं असणार. सकाळी घमेल्यात तेवढंच पाणी होतं. भिंगरीचे श्वास अकरावर येऊन थांबले ते थांबलेच. गाल गुलाबी होते, वजन वाढत होतं, ती जेवत होती, हसत होती, फक्त गरगर फिरत नव्हती. नवरा म्हणाला, "शहाणी झाली पोर." तिलाही वाटलं, चला, सुटलो. आपण ओतलं नाही की झालं. आपल्याशिवाय पन्हळीत पाणी ओतायला येतंय कोण?

तेराव्या दिवशी दुपारी, लांबलेली उघडीप संपून, पावसाची पहिली सर आली.

ती धावत वर गेली. भिंगरी पलंगात जागी होती, कठड्याला धरून उभी, खिडकीकडे तोंड करून. तिने मुलीला उचलून छातीशी धरलं आणि मोजलं. सर ओसरली तेव्हा मिनिटाला सहा झाले होते. दुसरी सर आली आणि गेली, तीन. सगळ्या गल्लीतले पाइप अंगणाअंगणात धो धो वाहत होते, समोरच्यांचा तर पन्हळीवरून ओसंडत होता, आणि तिच्या घराच्या पाइपाखालचं, वळचणीच्या आडोशातलं घमेलं कोरडं होतं, इतकं कोरडं की वाऱ्याने उडून आलेली धूळ त्यात तशीच होती. पन्हळ काठोकाठ घेत होती आणि एक थेंबही बाहेर सांडू देत नव्हती.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"रंग कसा आहे? ओठ निळे पडलेत?"

"नाही. गुलाबी आहेत."

"अंग गार? मलूल आहे का?"

"नाही. माझ्याकडे बघून हसतेय."

"अहो, मग काय," त्या दमलेल्या, प्रेमळ आवाजात म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, मोजू नका म्हणून."

तिसऱ्या सरीत ती मुलीला कडेवर घेऊन अंगणात आली, छपराच्या वळचणीला, आणि मोकळ्या हाताने तिने पाइप धरला. त्याच्या पट्ट्या गंजलेल्या होत्या. जोर लावला असता तर निघून आला असता. पण हाताखाली तो थरथरत होता, आणि ती थरथर पाइपाएवढी नव्हती. सगळा पाऊस त्यातून चालला होता, सरीमागून सर, कुठल्यातरी अफाट मैदानावरून रांगेने, आणि त्या रांगेत पाण्याच्या बरोबरीने कुणाचे श्वास वाट चालत होते ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तेराच्या तेरा बादल्या परत आल्या होत्या. आलं होतं ते पुरतं आलं होतं. वाटच मधे तोडली, तर जे निघालं आहे ते यायचं कुठून?

तिने पाइपावरचा हात काढून घेतला.

मग ती पायरीवर बसली. भिंगरीने आईच्या तोंडाकडे बघत एक मोठा श्वास आत घेतला, छाती भरून, आणि तो तसाच ठेवून ती शांतपणे वर बघू लागली. फार लांबचं काही न्याहाळताना माणसाचे डोळे होतात तसे तिचे डोळे झाले होते. तळहाताखाली तिचं काळीज संथ, नेमकं वाजत होतं. आईने आपला गाल त्या लहानशा नाकापाशी नेला आणि मोजू लागली. साठ झाले. पुन्हा साठ झाले. तिला रडू येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या मोजण्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. गालाशी हलका, गार वारा लागेल, उन्हात कधीच न आलेल्या दगडाचा वास घेऊन, तेव्हा आपण जाग्यावर असलं पाहिजे, एवढंच तिला ठाऊक होतं. समोरच्या छपरामागे आभाळ खालपर्यंत काळं होत गेलं होतं, आणि चौथी सर सुरू झाली.