हातभर उत्तरेला

तिने काटेरी फांदी कोपराने बाजूला सारली, घरट्यात दोन बोटं घातली आणि चाचपून पाहिलं. आत काहीच नव्हतं. परवा इथे अंडी होती, आज टरफलाचा तुकडासुद्धा नाही. फांदीला तिनेच बांधलेली केशरी फीत मात्र जागच्या जागी होती.

"हेही गेलं," ती स्वतःशीच म्हणाली.

उठता उठता तिची नजर जमिनीवर गेली. ओलसर मातीत बुटाचा ठसा होता, लांबलचक, टाचेला बाहेरच्या अंगाने झिजलेला. एवढ्या मापाचे पाय या माळावर एकाच माणसाचे होते.

त्याला सगळे लंबू म्हणत, अगदी तिच्या मार्गदर्शक मॅडमसुद्धा. तोही मॅडमचाच विद्यार्थी, तिच्याहून दोन वर्षं पुढे, आणि याच माळावरच्या गवतांवर त्याचा प्रबंध चालला होता. लंबूने तिचं नाव 'वेळापत्रक' ठेवलं होतं आणि ते तिला चिकटलं होतं. चिकटणारच. बाकीच्यांच्या टेबलांवर चहाचे डाग असत, तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तीन वर्षांचा आराखडा होता, रंगीत पट्ट्यांनी आखलेला.

आराखडा करायला मॅडमनीच शिकवलं होतं. "ध्येय आणि टप्पा यांत गल्लत करू नकोस," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "ध्येय म्हणजे तुला काय जाणून घ्यायचंय ते. टप्पा म्हणजे तू तिथवर पोचलीस याची नुसती खूण."

तिचं ध्येय साधं होतं. वटवट्या नावाचा बोटभर पक्षी झुडपांत घरटं बांधतो. त्याची पिल्लं गुरं चरणाऱ्या भागात जास्त जगतात की न चरणाऱ्या, एवढंच तिला पाहायचं होतं. घरटी शोधायचा टप्पा तिने हां हां म्हणता पार केला होता. पिल्लं उडेपर्यंत त्या घरट्यांवर लक्ष ठेवायचा पुढचा टप्पा मात्र हातातून निसटत होता. एकामागून एक घरटं रिकामं होत होतं, आणि सोमवारी संशोधन समितीपुढे उभं राहायचं होतं. मॅडमनी दोघांनाही समोर बसवून स्पष्टच सांगितलं होतं, "माळ लहान आहे. पुढच्या वर्षी तो एकालाच मिळेल. ज्याचं काम पुढे सरकेल त्याला." माळ हातचा गेला तर तिला नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती.

त्या बैठकीनंतरच घरटी जास्त रिकामी होऊ लागली. निदान तिला तसं वाटत होतं.

घरटी सापडायला लंबूला कष्ट पडायचं कारणच नव्हतं. फीत कायम घरट्यापासून हातभर उत्तरेला, हा तिचा नियम होता. डोळे मिटूनही घरटं सापडावं म्हणून. या नियमाचा तिला अभिमान होता. एकदा माळावरच्या पत्र्याच्या खोलीत चहा पिताना लंबूने विचारलं होतं,

"या फिती कुणासाठी गं?"

"माझ्यासाठी. अजून कुणासाठी?"

"नाही, दिसतात सगळ्यांनाच, म्हणून म्हटलं."

तेव्हा दोघंही हसली होती. आता त्याचं ते हसणं तिला आठवायचं आणि अंगाची लाही लाही व्हायची. मनात एकदा पाल चुकचुकली की साधं बोलणंही साधं राहत नाही.

फितींची रिळं पाठवायची आई. तिचं शिवणाचं दुकान होतं. फोनवर तिने लेकीचा संशय ऐकून घेतला आणि निकाल देऊन टाकला.

"तो उंच मुलगा ना? मला पहिल्यापासूनच तो पटला नव्हता."

"आई, तू त्याला पाहिलेलंही नाहीस."

"पाहायला कशाला हवं? तुझ्या बोलण्यात सारखा येतो ना!"

शेवटी शुक्रवारी तिने मॅडमना सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुरावा?"

"त्याच्या बुटांचे ठसे आहेत, मॅडम. घरट्यांजवळ."

"तो तिथेच काम करतो. ठसे असणारच." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ठीक आहे. सोमवारपर्यंत त्याच्याकडून माळावरच्या खोलीची किल्ली काढून घेते. पण मला पुरावा हवा."

म्हणून शनिवारी सकाळी तिने लंबूच्या रोजच्या वाटेवरच्या एका झुडपाला फीत बांधली. झुडपात घरटं नव्हतंच. मग खोलीत शिरून दार आतून लावलं आणि दुर्बीण डोळ्यांना लावून खिडकीशी बसली.

ऊन चढायला लागल्यावर लंबू आला. गवत मोजायची तारेची चौकट खांद्यात अडकवलेली, तोंडाने काहीतरी गुणगुणणं चाललेलं. तो सरळ फितीच्या दिशेने निघाला होता. फीत दिसताच थांबला. इकडेतिकडे पाहिलं.

"सापडलास," ती पुटपुटली.

लंबू वळला. घरट्याला धक्का लागू नये तसा झुडपाला दुरून वळसा घालत काट्यांत शिरला, पँट अडकली तेव्हा जोरात एक शिवी हासडली, आणि पलीकडे निघून गेला. तिला त्याचा ठसा आठवला. तो घरट्याकडे आलेला होता, पण पुढे कुठे वळला होता हे तिने पाहिलंच नव्हतं.

ती दुर्बीण खाली ठेवणार, इतक्यात फितीच्या फांदीवर कावळा उतरला.

फितीला त्याने चोचही लावली नाही. मान वळवून दक्षिणेकडे पाहिलं, हातभर सरकला आणि झुडपात डोकं खुपसलं. काही मिळालं नाही. तो पुन्हा फितीपाशी आला, पुन्हा तेवढंच अंतर सरकला, पुन्हा आत पाहिलं. घरट्यापाशी आल्यावर तीही अशीच पाहत असे. मग तो उडाला आणि थेट पुढच्या फितीवर जाऊन बसला. तिथे अजून अंडी होती.

ती दार उघडून ओरडत सुटली.

लंबू धावत आला तोवर तिने ती फीत ओरबाडून काढली होती. कावळा तारेच्या खांबावर बसून दोघांकडे पाहत होता.

"काय झालं?"

"फिती काढायच्यात. सगळ्या."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने खांद्यातली चौकट खाली ठेवली. तो उंच झुडपांकडे गेला, ती बुटक्या झुडपांकडे. तिला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त त्या चिमुकल्या घरट्यांचं वाईट वाटत होतं. प्रत्येक घरट्याचा पत्ता तिनेच कावळ्याला लिहून दिला होता, सुवाच्य अक्षरात.

काढलेल्या फिती वाऱ्याने उडू नयेत म्हणून लंबू मनगटाला गुंडाळत होता. शेवटची फीत गुंडाळत तो म्हणाला,

"ऐक ना. मॅडमनी किल्ली परत मागितलीय. कारण सांगत नाहीयेत. माझं काही चुकलंय का? तुला काही बोलल्या?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात केशरी झाला होता.

"आण तो हात इकडे," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. गाठ कुठेच नव्हती, तरी पहिलं टोक सापडायला तिला वेळ लागला.

"त्या नाही बोलल्या," ती म्हणाली. "मी बोलले त्यांच्याशी. अंडी तू काढतोस म्हणून."

त्याने हात मागे घेतला नाही. तसाच धरून ठेवला, आणि ती एकेक वेढा सोडवत राहिली.