पुन्हा सांगा, मास्तर!

शिवणखान्यात दहा मशिनी एकदम सुरू झाल्या, की भिंतीवरची पालसुद्धा कानात बोटं घालायची! त्या खडखडाटात मास्तर लांबूनच मापं ओरडायचे आणि कटरताई मान डोलवायची, "हो, हो."

आवाज तिला सगळा यायचा. पण शब्दांचा नुसता गुंता व्हायचा, आणि तो सुटेस्तोवर मास्तरांचं पुढचं माप येऊन धडकायचं. पुन्हा विचारावं तर मशिनीवरच्या बाया खिदळायच्या, "ताई, कानाला काजं करून देऊ का?" मग ती आपली अंदाजानं कापायची. लहानपणापासून हेच! शाळेत बाई म्हणायच्या लक्ष नाही, सासरी म्हणायचे शिष्ट आहे.

परवा बावीस शर्टांच्या बाह्या आखूड कापल्या गेल्या.

"कात्री ठेव," मास्तर कडाडले. "उद्यापासून इस्त्रीवर बस!"

पंधरा वर्षांचा हात होता तिचा त्या कात्रीवर. डोळे भरून आले.

काजाबटणवाल्या मावशीनं हळूच विचारलं, "खरं सांग, ऐकू येतं ना?"

"येतं गं. तपासून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत, पण ऐकलेल्याचा अर्थ लावायला मेंदूला वेळ लागतो. गोंगाटात तर फारच."

"मग बोलली का नाहीस?"

"वेडी म्हणतील."

"आणि आता काय शहाणी म्हणतायत?"

मावशी तरातरा गेली आणि तिनं मेन स्विचच बंद केला. सगळं चिडीचूप!

"मास्तर, चष्म्याशिवाय तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही. तुम्हाला कुणी बिनकामाचं म्हणतं का? तसाच हिला गोंगाटात शब्द उलगडायला वेळ लागतो. हिच्या समोर या, एकेक माप सांगा. ही परत म्हणून दाखवील. मग ठरवा."

मास्तर मापांची वही घेऊन कुरकुरत आले. "छाती अडतीस."

"छाती अडतीस."

"बाही चाळीस."

ताईची मान सवयीनं डोलायला लागली. तिनं ती थांबवली. "पुन्हा सांगा, मास्तर. बाही चाळीस? गिऱ्हाईक काय झाडाला लोंबकळतं?"

हसून हसून बायांच्या हातातलं कापड गळलं! मास्तरांनी वही डोळ्यांशी धरली. विजारीची उंची वाचली होती त्यांनी!

"चोवीस गं बाई, चोवीस," ते ओशाळून म्हणाले. "चुकलंच माझं. आजचंही आणि इतक्या दिवसांचंही. घे ती कात्री. इथून पुढं प्रत्येक माप असंच."

तर मंडळी, कुणी "पुन्हा सांगा" म्हणालं तर कपाळाला आठ्या घालू नका. दोन पावलं पुढं जा, तोंडासमोर सावकाश बोला. आणि ज्यांना कळलं नसेल त्यांनी खोटं "हो, हो" करू नका. बिनधास्त विचारा!