शाई फुटणारा कागद

१८१६चा जुलै संपत आला तरी माळ्यावरचा कागद वाळेना. तीन आठवड्यांपूर्वी दोऱ्यांवर टांगलेले ताव अजून गार आणि लिबलिबीत होते. पेर्नेतने एका तावाचा कोपरा चाटला. ओल लगेच पलीकडे उमटली. म्हणजे शाई पसरू नये म्हणून वर चढवलेला सरस नासला होता, असल्या कागदावर शाई फुटते.

आदल्या वर्षी एप्रिलमध्ये दूर सुंबावा बेटावर एक ज्वालामुखी फुटला होता. त्याचा धूसर थर उंच हवेत पसरून ऊन अडवत होता. जिनिव्हाजवळच्या या कागदाच्या गिरणीत ते कोणालाच ठाऊक नव्हते. पाऊस त्यांच्यामुळेच थांबत नाही असे मानून मालक द्युव्हिलार छपरांवरच्या वीजवाहक सळ्यांना शिव्या घालत. "शनिवारपर्यंत इथला काही माल हलला नाही तर माळा बंद. बायकांनी घरी बसायचं," असे त्यांनी बजावले होते. पाव इतका महागलेला असताना माळ्यावरच्या सहाजणींपैकी एकीलाही घरी बसणे परवडणारे नव्हते. विधवा पेर्नेतला तर नाहीच.

गुरुवारी क्लोदा आली. सरोवराकाठच्या बंगल्यात उतरलेल्या परदेशी पाहुण्यांकडे ती कामाला होती.

"काकू, कागद द्या. असेल तो द्या."

"असेल तो नासका आहे गं. एवढं लिहितात तरी काय?"

"भुतं! पावसानं बाहेर पडता येत नाही, मग बसतात एकमेकांना घाबरवत. निम्मं खोडतात, उरलेलं शेकोटीत. मला तर त्यांचं टेबल पुसायचीही भीती वाटते."

"शाई फुटेल, आधीच सांगते."

"फुटू दे. एकाच बाजूनं लिहितील."

पेर्नेत घुटमळली. कागदात उजेडाशी धरल्यावर दिसणारी गिरणीची घंटेची खूण खराब मालावर बाहेर गेलेली मालकांना खपत नसे. तिने एक ताव खिडकीशी धरला. घंटा डाव्या अर्ध्यात दिसत होती. उजवा अर्धा कोरा होता.

तिने सुरी घेतली.

शनिवारी मालक माळ्यावर आले, ते कापलेला तुकडा नाचवतच.

"कोणाला विचारून कापलास?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो!" त्यांनी तुकडा उजेडात धरून घंटा शोधली. सापडली नाही. मग कोपरा चाटला आणि थुंकले. "याला कागद म्हणतात?"

"भुतांपुरता चालतो, मालक. काल दुप्पट मागितलाय."

मालकांनी दोऱ्यांवरच्या ओल्या रांगांकडे पाहिले.

"डावे अर्धे परत लगद्यात टाक," ते म्हणाले. "आणि सोमवारी सगळ्याजणींना या म्हणावं. सुऱ्या घेऊन."