तलवारींची कमान आणि बिशपांचा मुकुट

बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समोरासमोर दोन रांगा, काळे सूट, पांढरे हातमोजे आणि मध्ये एकमेकींना टेकलेल्या तलवारींची कमान. दिसली? आता तिच्याखालून तुम्हांलाच चालायचंय. बिचकलात ना? लीना नाही बिचकली.

लीनाचे पप्पा, वसईचे विलास तुस्कानो, बहरीनमधल्या एका कॅथलिक बंधुसंघात होते. मोठ्या सणाला संघाचं मानवंदना पथक बिशपांसाठी अशी कमान धरी. यंदा पथकाचे नायक पहिल्यांदाच पप्पा होते.

सराव तिथल्या जनाबिया गावात, तुस्कानोंच्या अंगणात चाले. बिशप कोण? लीना! ती ऐटीत, सावकाश कमानीखालून चाले. उन्हात सगळ्यांचे हात भरून येत.

"विलास, आपला बिशप जेमतेम चार फुटी," पथकातले सलील अंकल कुरकुरत. "कमान उतरव की जरा!"

हसत हसत तलवारी रोज थोड्या खाली येत गेल्या, आणि हातांना तीच सवय लागली.

सण शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी आला आणि चर्च खच्चून भरलं. फुलांची परडी घेऊन लीना मिरवणुकीच्या पुढे होती. पप्पांनी हुकूम दिला, कमान उभी राहिली, सरावातल्याइतकीच बुटकी. लीनाने वर पाहिलं. मग मागे पाहिलं आणि तिचे डोळेच विस्फारले. बिशप ताडमाड उंच, त्यावर हातभर टोकदार मुकुट! तो तलवारींना अडकून पडणार, साऱ्या चर्चसमोर. पप्पांची केवढी फजिती!

पथकाचा नियम कडक होता. कमान उभी राहिली की नजर समोर, मान वळवायची नाही, तोंडातून शब्द नाही. पप्पांना लीनामागून येणारे बिशप दिसतच नव्हते. पण लीना तर दिसत होती!

ती रांगेच्या तोंडाशी, पप्पांच्या पुढ्यात थांबली. दोन्ही हातांनी तिने परडी डोक्यावर धरली. टाचा उचलल्या. आणखी वर, आणखी वर. दोन पाकळ्या तिच्या केसांत पडल्या.

पप्पांची पापणी लवली. दंड ताठ झाला आणि त्यांची तलवार उंच गेली. पाठोपाठ समोरच्या सलील अंकलची, मग साऱ्या रांगेची.

"यल्ला, चल बिशप," सलील अंकल ओठ न हलवता पुटपुटले.

लीनाने परडी खाली घेतली, हनुवटी वर केली आणि सरावात चाले तशीच, ऐटीत, सावकाश, कमानीखालून निघाली.