तिसरा पुकारा

डॉक्टरसाहेब, शेषगिरीचा आवाज तुमच्या सुरीखाली गेला आणि तुम्ही वेडं त्यालाच ठरवलंत. गळ्याची गाठ काढताना स्वरतंतूची नस दुखावली. वर म्हणालात, "मनाचे खेळ आहेत. योगा करा."

शेषगिरी पापनाशमच्या कोर्टातला पुकारा करणारा शिपाई. घरी तंजावरी मराठी, कोर्टात तमिळ. नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्यालाही कुणी आलं नाही, तर निकाल त्याच्याविना. त्याची हाक ऐकून टपरीवरची माणसं चहा टाकून धावत. ऑपरेशननंतर मात्र गळ्यातून नुसती हवा. एके दिवशी कामाक्षी नावाची म्हातारी दाराबाहेरच बसली होती. तिला हाक ऐकू गेली नाही, दावा तिच्याविनाच निकालात निघाला. त्या दिवसापासून शेषगिरीला फायली उचलायला लावलं.

शेवटी बायको, राजम, त्याला डॉक्टर रम्याकडे घेऊन गेली. डॉक्टरनं गळ्यात नळी घालून पाहिलं.

"मनाचं कसलं? एक स्वरतंतू लुळा पडलाय. बाहेरून सिलिकॉनचा बारीक तुकडा बसवून त्याला मधे ढकलू. तुम्ही जागे राहायचं, बोलत राहायचं. आवाज ऐकून मी तुकडा बसवणार."

टेबलावर त्यानं होती नव्हती ती ताकद लावून कोर्टातल्यासारखं एक नाव पुकारलं. "वेंकटरमण! वेंकटरम..."

"सर, हे कोर्ट नाही! जोर लावलात तर माप चुकेल. घरी बोलता तसं बोला."

"घरी मराठी."

"मराठी तर मराठी. मला अर्थ नको, आवाज हवा."

तो घुटमळला. मग म्हणाला, "राजम, वरीसभर खारट सार खाल्लों मी. सांगाया आवाज नव्हता..."

'राजम' हवेतच विरलं. डॉक्टरनं तुकडा किंचित सरकवला. 'आवाज' खणखणीत आला.

दाराला कान लावून उभी असलेली राजम ओरडली, "अय्यो! तोंड उघडलं की भांडण!" आणि पदरात तोंड खुपसून रडली.

कामाक्षीचा दावा पुन्हा लागला, तोवर शेषगिरी परत दाराशी उभा होता. त्यानं नाव पुकारलं. आवाज जरा जाड झालेला.

"आले रे बाबा! बहिरी आहे का मी?" म्हातारी काठी टेकत उठली.

ती पहिल्याच हाकेला हजर झाली. साहेब, आधीच्या दोन पत्रांना तुम्ही उत्तर दिलं नाहीत; तुमच्या नावाचा हा तिसरा पुकारा. नस दुखावली हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? उत्तर द्या.